दिवसाची नाईट

मारेगावहून वणीकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाभळी लागतात. दिवाळी उलटून पंधरा-वीस दिवस झाले की त्या पांढऱ्या व्हायला लागतात. कापसानं फुगलेल्या गाड्या त्यांना घासून जातात आणि काट्याकाट्यावर एकेक पुंजका सोडून जातात. यंदाही सोडला. परवा बसच्या खिडकीतून तो पाहिला. शेजारी बसलेली बाई कौतुकानं म्हणाली की यंदा कापूस बरा दिसून राह्यला. मी नुसतं हो म्हटलं. लोकांना कापूस दिसला की हंगाम आठवतो. मला दीडशे रुपयांच्या खुर्चीत फुकट बसलेले, पाय पसरलेले लोक आठवतात.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी नाटक लावलं होतं. लावलं म्हणजे पैसे लावले. काम करणाऱ्याला लोक नट म्हणतात, लिहिणाऱ्याला लेखक म्हणतात आणि पैसे लावणाऱ्याला तोंडावर निर्माता आणि पाठीमागे येडी. मला दोन्ही म्हणून झालं.

आमचं दुकान बाजाराच्या वाटेवर आहे. अर्ध्या भागात माझं झेरॉक्सचं मशीन, वह्या, नाना तऱ्हेचे फॉर्म. अर्ध्या भागात ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, मोटार रिवायंडिंग. गावासाठी हे वसंतभाऊ. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी लोक आणून टाकतात आणि हे त्यांच्यात नवी तांब्याची तार भरतात. वार्निशचा वास आणि गरम कागदाचा वास, यात आमची बावीस वर्षं गेली. दुकानामागे दोन खोल्या, वर टिनं. मे महिन्यात त्या टिनांखाली माणूस भाजून निघतो, ते ज्याचं त्याला ठाऊक. स्लॅब टाकायचा म्हणून सात वर्षं आम्ही एकेक रुपया बाजूला ठेवत होतो. हे दसऱ्याला नवा शर्ट घेत नव्हते आणि मी पाहुण्यांकडे जायचं टाळत होते, कारण गेलं की हातात काहीतरी न्यावं लागतं. तीन लाखांच्या वर गेले होते पैसे. मी हात घातला तो त्याच पैशात.

माझे बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. काटापावत्यांच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी एक नाटक लिहिलं होतं. दाभणानं शिवलेलं जाडजूड बाड. सून, सासरा आणि बांधावरची विहीर, एवढाच मामला. त्याचं नाव सांगायची पंचाईत आहे, कारण बाबांची मंडळी दर हंगामात नाव बदलायची. नाव नवं असलं की गेल्या वर्षी पाहिलेला माणूसही पुन्हा तिकीट काढतो, असा त्यांचा हिशेब. अर्धं नाटक झाल्यावर लोकांच्या ध्यानात यायचं, पण तोवर पैसे पेटीत पडलेले असायचे. बाबांना धंदा कळत होता म्हणायचं. माझ्यात ते काही उतरलं नाही.

बाबा गेले, मंडळी पांगली, बाड दुकानातल्या वरच्या फळीवर पडून राहिलं. मग गेल्या वर्षी भाद्रपदात गजानन आला. हा राजूरला कोळशाच्या खाणीत कामाला आहे. त्याचे वडील त्या नाटकात सासरा करायचे. खाणीतून आलेल्या माणसाच्या पापण्यांना कोळसा राहतो, कितीही धुतलं तरी, त्यामुळे गजानन कायम काजळ घालून आल्यासारखा दिसतो. त्याला फक्त बापाच्या भूमिकेच्या पानांची झेरॉक्स हवी होती, आठवण म्हणून. मी म्हटलं, बावा, सासरा पानोपानी आहे, सगळंच काढावं लागेल. एकशे चौदा पानं. एकेक पान काचेवर उलटं ठेवायचं, झाकण दाबायचं, तो हिरवा उजेड सरकायचा, आणि पान उचलताना माझ्या नजरेखालून जायचं. वाचायचं नाही असं ठरवलं असतं तरी ते जमलं नसतं. साठाव्या पानाला मशीन तापलं आणि बंद पडलं. सुनेनं नुकतंच सासऱ्याच्या हातातला कागद ओढून घेतला होता. मशीन थंड व्हायला दहा मिनिटं लागली, आणि त्या दहा मिनिटांत हे परत लावायचं माझ्या डोक्यात बसलं. मशीन तापलं नसतं तर स्लॅब झाला असता, असं हे अजून म्हणतात.

माझ्या आईनं हे नाटक कधी पाहिलं नाही. रात्री दहाला सुरू व्हायचं आणि पहाटे संपायचं. सकाळी वेचणीला जायची बाई रात्रभर जागणार कशी? आणि जाऊ देणार कोण? म्हणून मी ठरवलं, आपण दिवसा करायचं. बाजाराच्या दिवशी, दुपारी तीनला. त्या दिवशी वेचणाऱ्या बाया शेतात जात नाहीत. आठवड्याची मजुरी हातात पडते आणि आसपासच्या गावांतून त्या मारेगावच्या बाजारात येतात. हजार-बाराशे बाया, पदराला पैसे, अंगावर धुतलेलं लुगडं. बाजार करून सहाच्या जीपनं परत जायचं. तीन ते सहा त्यांना द्यायला माझ्याकडे नाटक होतं. अजूनही मला वाटतं की विचार वाईट नव्हता.

सुनेच्या भूमिकेसाठी नागपूरची वैशाली म्हणून एक बाई ठरवायची होती. ती हिवाळाभर पूर्वेकडच्या गावांमध्ये नाटकं करते. या धंद्यात एका प्रयोगाच्या मानधनाला नाईट म्हणतात. तुमची नाईट किती, असं विचारायचं. मी फोन केला, तारीख सांगितली, वेळ सांगितली. मग ती हसत म्हणाली, "दुपारी तीनला? ताई, मग त्याला नाईट कसं म्हणायचं?" मी म्हटलं, दिवसाची नाईट म्हणा. तिनं पूर्ण नाईट चौदा हजार सांगितली आणि दिवसाची आठ, कारण त्याच रात्री तिला दुसरीकडे उभं राहता येणार होतं. अट एकच, सहाला तिची गाडी निघाली पाहिजे. सहाच्या पुढे गेलं तर चौदा. मी लगेच हो म्हटलं. सहा हजार वाचले, दिव्यांचं भाडं वाचलं, जनरेटर वाचला. त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश होते की संध्याकाळी कांदा भजी तळली. ह्यांनी ती खाल्ली आणि एवढंच विचारलं की उन्हात नाटक पाहायला लोक टोप्या घालून येणार का.

मंडप अनीसभाईंचा. लग्नसराईत त्यांना बोलायला फुरसत नसते, पण बाबांच्या वेळचे पडदे त्यांच्या वडिलांनी सांभाळले होते, म्हणून ते आपणहून घरी आले. त्यांनी पडदे अंगणात पसरले. राजवाडा, रस्ता, रात्रीचं रान. रानाच्या पडद्यावर चंद्र होता आणि चंद्राला उंदरांनी कुरतडलं होतं. अनीसभाई म्हणाले, भाभी, रात को चल जाता, दिन में ठिगळं लावली तरी दिसतील. त्यांनी स्वतः बसून ठिगळं लावली. पण मंडपाचा बयाना मात्र रोख घेतला, आणि तो परत मिळणार नाही हे दोनदा बजावलं. त्यांचंही बरोबर होतं. त्यांची पोरं, त्यांचे बांबू, त्यांची कनात. माझ्यासाठी त्यांनी का बुडावं?

खर्चाचा आकडा एक लाख वीस हजारांवर आला. येणारे पैसेही मी मांडले होते. खुर्च्या चारशे, दीडशे रुपये खुर्ची, साठ हजार. खाली सतरंजीवर बाराशे बाया, पन्नास रुपये, साठ हजार. साठ आणि साठ, एकशे वीस. इतका चोख हिशेब बसला की मला त्यात काही खोट दिसलीच नाही. ज्या हिशेबात सगळ्यांनी यावं लागतं आणि एकानंही घरी राहून चालत नाही, तो हिशेब नसतो, नवस असतो. पण हे आता कळतं. बँकेतून पैसे काढले त्या दिवशी मी ह्यांना सांगितलं की हे नाटक एकदा उभं राहिलं की राजूरला करू, पुसदला करू, स्लॅबच काय, वर माडी चढवू. हे चष्मा पुसत होते. म्हणाले, "पाह्य बावा." आमच्याकडे हा शब्द परवानगीही असतो आणि इशाराही. मी सोयीचा अर्थ घेतला.

तालमी दुकानामागच्या अंगणात चालायच्या. गजाननची ड्युटी दर आठवड्याला बदलायची, तशी तालमीची वेळ बदलायची. तो दमून यायचा, विटांवर बसायचा, आणि सासऱ्याची वाक्यं म्हणायला लागला की शेजारची म्हातारी कुंपणापाशी येऊन उभी राहायची. म्हणायची की तुझ्या बापाचाच गळा. ते ऐकून गजाननचा चेहरा असा व्हायचा की मी नाटकाचा खर्च विसरायची. पाच मिनिटांसाठीच. मग कोणीतरी चहा मागायचं आणि मी मनात दूध मोजायला लागायची.

तिकिटं विकायला निघाले तेव्हा मला आपला गाव नव्यानं कळला. तिकीट म्हटलं की लोक हसायचे आणि पास मागायचे. ज्याच्याकडून काल परवानगीचा कागद घेतला त्याला चार पास. ज्यानं भोंगा लावलेला ऑटो फिरवला त्याला दोन. ज्याच्या ओट्यावर पोस्टर लावलं त्याला, आणि ज्यानं लावू दिलं नाही पण उद्या बोंबलेल त्यालाही. सोयाबीनचे पैसे दिवाळीतच मोकळे केलेले, मळ्यात मोटार असलेले, ह्यांच्याकडे नेहमी येणारे लोक, ते तर हक्कानं म्हणायचे की वसंतभाऊच्या घरचं नाटक, त्याले काय तिकीट. मला नाही म्हणता येत नव्हतं. घरी येऊन मी चरफडायची, आणि दुसऱ्या दिवशी हसून आणखी चार पास फाडायची. एकशे सत्तर पास गेले. त्यातला एकही माझ्या खऱ्या गिऱ्हाइकाला, म्हणजे वेचणाऱ्या बाईला, गेला नाही. तिनं मागितलाच नाही.

त्या बायांसाठी माझी सगळी मदार शेवंताबाईवर होती. ही त्यांची मुकादम. कोणत्या शेतात किती बाया पाठवायच्या, कुठला भाव घ्यायचा, सगळं तिच्या शब्दावर. आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आली तेव्हा मी तिला नाटकाचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, दिवसा आहे हे दोनदा विचारून खात्री केली, आणि म्हणाली की बाया मी आनतो, तुमी टाइम चुकू नोका. मी निर्धास्त झाले.

चूक कुठे झाली ते सांगते. नाटकाच्या आधीच्या पंधरवड्यात दुकानात येणारा प्रत्येक जण दंड खाजवत होता. फॉर्म भरताना खाजवायचा, सही करताना खाजवायचा. कापूस घरात साठवला की अंगाला खाज सुटते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी त्यांना पेन दिलं, फॉर्म दिला, तिकिटाचं विचारलं, त्यांची खाज डोळ्यांनी पाहिली आणि तिचा अर्थ लावला नाही. कापसाचा भाव पडला होता. भाव चढेल म्हणून लोकांनी कापूस विकला नव्हता, घराघरांत छतापर्यंत रचला होता. कापूस विकला नाही म्हणजे वेचणीची मजुरी थकली. म्हणजे बाजाराच्या दिवशी बाईच्या हातात मिठा-मिरचीपुरते पैसे. कापसाच्या मुलखात जन्म गेला माझा, वजनकाट्यावरच्या माणसाची लेक मी, आणि मला हे नाटकाच्या दिवशी पावणेतीनला, कनातीच्या दारात कळलं.

पावणेतीनला चारशेतल्या तीनशे खुर्च्या भरल्या होत्या. भरलेल्या खुर्च्यांत तिकिटाच्या एकशे तीस. बाकीचे पासवाले, आणि तेच सगळ्यांत पुढे. सतरंजीवर साठ माणसं. मी तीनदा मोजली. साठच. बाराशे बायांसाठी अंथरलेल्या सतरंज्या उन्हात तापत पडल्या होत्या. वैशाली तोंडाला रंग लावून बसली होती, घड्याळाकडे पाहत. गजानन रात्रपाळी करून न झोपता आला होता. तीन वाजले. मी दहा मिनिटं थांबवलं. मग आणखी दहा. शेवटी पुढून कोणीतरी शिट्टी मारली आणि अनीसभाईंनी पडदा ओढला.

पहिला अंक सुरू झाला आणि मी दारापाशी उभी राहिले. ह्यांच्यापुढे तिकिटांची पेटी. तेवढ्यात मला कनातीच्या कापडावर सावल्या दिसल्या. बाहेरून पडलेल्या, एकमेकींना खेटून असलेल्या. मी बाहेर डोकावले. कनातीच्या कडेनं बाया उभ्या होत्या. वांगी, मेथी, मुरमुऱ्याच्या पिशव्या पायाशी ठेवून, कापडाला कान लावून. एक-दोन नव्हे, चारशे तरी असतील. आल्या होत्या. शेवंताबाईनं शब्द पाळला होता. आत मात्र यायला तयार नव्हत्या.

मी शेवंताबाईला गाठलं. ती म्हणाली, "पन्नास रुपये नाई बाई कोनाजवळ. मजुरी थकली. अन फुकट आमी येत नाई." मी म्हटलं की असतील तेवढे द्या. त्यावर तिनं मान हलवली. म्हणाली की भाव करून नाटक पाहायचं नाही, पूर्ण पन्नास देऊ, पण उलंगवाडीले. उलंगवाडी म्हणजे कापूस सरतो आणि शेत मोकळं होतं तो काळ. दोन-अडीच महिने पुढचा. आणि आत खुर्च्यांवर दीडशे रुपये मोजलेली एकशे तीस माणसं बसली होती. चारशे बाया उधारीवर आत सोडल्या तर ती गप्प बसतील? पुढच्या वेळी तिकीट काढतील? मला राजूर दिसत होतं, पुसद दिसत होतं, आणि दोन्ही हातातून जाताना दिसत होती. स्लॅब तर मघाशीच गेला होता. मी दारात खांबासारखी उभी राहिले.

तेव्हा हे पेटीवरून उठले. आयुष्यात कधी माझ्या भानगडीत न पडलेला माणूस. कनातीकडे बोट करून म्हणाले, "त्या आयकूनच राह्यल्या ना. आवाजाले कुठं कनात हाय?"

मी दारावर बांधलेली दोरी सोडली. पहिला अंक संपला होता. बायांना बसायला वीस मिनिटं लागली. पिशव्या घेऊन बसायला जागा पुरेना, म्हणून चौघी बाया पिशव्या राखायला बाहेरच थांबल्या. खुर्च्यांवरून कुरबुर झालीच. एक जण उठून माझ्याशी भांडला आणि दीडशे रुपये परत मागितले. मी दिले. तो पैसे घेऊनही परत खुर्चीत जाऊन बसला. त्या गडबडीतसुद्धा मला वाईट वाटण्याआधी हसू आलं.

दुसऱ्या अंकात रात्र आहे. सून हातात कंदील घेऊन विहिरीपाशी येते. बाबांनी हे रात्री करायला लिहिलेलं. इथे पावणेपाचचं ऊन थेट रंगमंचावर पडलेलं, रानाच्या पडद्यावरचं अनीसभाईंचं ठिगळ लख्ख दिसतंय, आणि वैशाली पेटलेला कंदील घेऊन अंधारात चाचपडत येतेय. खुर्च्यांतून हसायला सुरुवात झाली. कोणीतरी म्हणालं की बाई, सूर्य विझवा. हशा वाढला. वैशालीचं पाऊल थबकलं. मी डोळे मिटले. पैसे गेले होते, आता इज्जतही चालली.

सतरंजीवरून शेवंताबाई उभी राहिली आणि मागे वळून खुर्च्यांकडे पाहत म्हणाली, "थे रात हाय म्हनते तं रात हाय. बसा चुपचाप."

आणि चारशे बायांनी मान वळवून खुर्च्यांकडे पाहिलं. बास. त्यानंतर कोणी हसलं नाही. वैशालीनं कंदील वर केला, आणि मी खोटं सांगत नाही, पुढच्या रांगेतल्या बायांनी अंधारात पाहावं तसे डोळे बारीक केले. मी दारात होते, मला रंगमंच अर्धाच दिसत होता. पण त्या बाया पूर्ण दिसत होत्या. मला रडू आलं. लाख-सव्वा लाख गेल्याचं होतं का दुसरं काही, ते आजही सांगता येत नाही.

तिसऱ्या अंकात उजेड गेला तेव्हा अनीसभाईंनी लग्नातले दोन दिवे लावून दिले, पण तो अंक मी पाहिलाच नाही. जीपवाले साडेपाचपासूनच हॉर्न वाजवायला लागले, त्यांना थांबवायला मी रस्त्यावर पळाले. एकाला विनवलं, दुसऱ्याला दमात घेतलं, तिसऱ्याला चहा पाजला. शेवट मला रस्त्यावर ऐकू आला. सासरा ओरडतो, सून उत्तर देते, गाठोडं उचलल्याचा आवाज, आणि मग काहीच नाही. एक लांब शांतता. मग टाळ्या. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. वैशालीनं रंग पुसता पुसता माझा हात धरला, छान झालं म्हणाली, आणि पुढे म्हणाली, "ताई, ही तर पूर्ण नाईटच झाली." मी चौदा हजार मोजून दिले. तिचा राग येऊ नये असं मला वाटत होतं, आणि येतच होता. तिलाही घर चालवायचं होतं, हे मला घरी गेल्यावर सुचलं.

सहा हजार वाढले, म्हणजे खर्च एक लाख सव्वीस. आले ते बावीस हजारांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी ह्यांनी भिंतीवरच्या खिळ्यावरून मिस्त्रीच्या अंदाजपत्रकाचा कागद काढला, घडी केली आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. बोलले काहीच नाहीत. ओरडले असते तर मी भांडले असते, माझं ओझं कमी झालं असतं. पण ते मोटारी भरत राहिले. उन्हाळ्यात टिनांखाली पाठीवर घामोळं उठलं, तेव्हाही मला म्हणाले ते एवढंच की पंखा इकडे कर. मला त्या माणसाची लाज वाटायची आणि त्याच्या गप्प बसण्याचा संतापही यायचा. गावात तर माझ्या नावानं नवीन खेळ निघाला होता. भरदुपारी कोणी दिवा लावला की म्हणायचे, वसंतभाऊच्या घरचं नाटक चालू झालं.

बाया मात्र आल्या. उलंगवाडी झाली तशा एकेक, दोघी-दोघी दुकानात यायच्या. काही बोलायच्या नाहीत, पन्नासची नोट काउंटरवर ठेवायच्या आणि कंदीलवाल्या बाईचं विचारायच्या. काही आल्या नाहीत. मी कोणाचं नाव लिहून घेतलं नव्हतं आणि कोणाला हटकलं नाही. जवळपास चौदा हजार जमा झाले. म्हणजे एकंदर नव्वद हजार गेले. सिमेंट वाढलं, लोखंड वाढलं, ते वेगळंच.

वर्षभर आम्ही पुन्हा हात आखडता घेतला. आता पैसे जेमतेम जुळले आहेत. गेल्या आठवड्यात मिस्त्री येऊन माप घेऊन गेला, सोमवारी त्याला बयाना द्यायचं ठरलंय. ह्यांनी दोनदा टिनांकडे पाहून, आता तुमचे थोडेच दिवस, अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटलेलं मी ऐकलं. मी बाबांचं बाड पुन्हा फळीवर ठेवून दिलं आहे आणि तिकडे पाहत नाही.

आणि काल ती बाई आली. पन्नाशीची असेल, मी ओळखलं नाही. रेशनच्या कागदाची झेरॉक्स काढून घेतली, पैसे दिले, आणि मग पदराच्या गाठीतून आणखी पंचवीस रुपये काढून समोर ठेवले. म्हटलं, हे कशाचे? ती म्हणाली की गेल्या वर्षी नाटकाच्या दिवशी पिशव्या राखायला बाहेर बसली होती. पाहिलं नाही, नुसतं ऐकलं. म्हणून अर्धे. वर्षभर इकडे येणं झालं नाही, त्याबद्दल तिनं वाईट वाटून घेतलं. राहू द्या म्हणायला जीभ वळली होती, पण शेवंताबाईची मान आठवली आणि मी पैसे उचलले.

ती जायला वळली आणि थांबली.

"बाई, एक इचारू? त्या पोरीनं शेवटी गाठोडं उचललं, मंग काइच आयकू नाई आलं. थे गेली का राह्यली?"

मला माहीत होतं. एकशे चौदावं पान माझ्या हातानं काचेवर ठेवलेलं. एका शब्दात सांगण्यासारखं उत्तर होतं. दुकानाच्या दुसऱ्या अर्ध्यात हे मोटारीत तार भरत होते, वेढे मोठ्यानं मोजत. एकतीस, बत्तीस. बाई उंबऱ्यावर पिशवी या हातातून त्या हातात घेत उभी होती. वर्षभर ती हा प्रश्न सांभाळून बसली होती.

"सांगनार नाई," मी म्हणाले. "पाहाले ये. यंदा उलंगवाडीच्या आत दाखवतो. पिशव्या राखाले दुसरं कोनी पाहू."

चौतीसवर मोजणं थांबलं. बाई हसली, येतो म्हणाली आणि गेली. मी ह्यांच्याकडे वळून पाहिलं नाही. पंचवीस रुपये गल्ल्यात टाकले, गल्ला बंद केला, उगाच पुन्हा उघडला. सोमवारला चार दिवस होते.

बऱ्याच वेळानं हे म्हणाले, "पस्तीस."